मोहाखालची पानं

माय, तुझ्या मोहाला यंदाही फूल आलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाव अजून त्या झाडाला तुझंच म्हणतं; तिथं दुसरं कोणी टोपली घेऊन जात नाही.

चैतात पहाटे तू मला तिथं न्यायचीस. बाकीच्या बाया वाळल्या पानांना काडी लावायच्या, म्हणजे जमीन मोकळी होते आणि पडलेलं फूल चटकन दिसतं. तू मात्र खराट्यानं झाडून पानं कडेला लोटायचीस. "कायले एवढं झाडतं?" असं मी कंटाळून विचारलं, की माझा हात त्या ढिगाखाली दाबायचीस. "ओलं लागते ना? हे पानी हळूहळू नाल्यात उतरते. पानं जाळली त पावसाचं पानी थांबनार नाई." टेकडीवरून येणारा आपला नाला तेव्हा चैतातही गावामागच्या तलावात वाहत असायचा.

एसटीची नोकरी संपवून गावी परतलो, तर नाला पौषातच आटलेला. खाली वैनगंगा धरणाच्या पाण्यानं फुगलेली, आणि इथं तलाव गाळानं भरत चाललाय. दरवर्षीच्या आगीत मोहाची नवी रोपंही जगत नाहीत. कंडक्टरकी केल्यामुळं ओरडायची लाज नाही. पानं जाळू नका म्हणून साऱ्या गावाला समजावलं. लोकांना पटतही होतं. पण मागच्या वर्षी नाल्याजवळ फुलं वेचताना वाघानं एका बाईला नेलं, आणि त्यानंतर जंगलात झाडत कोणी रेंगाळत नाही; काडी लावून मोकळे होतात.

यंदा मी हट्टानं खराटा घेऊन गेलो. तुझी सून कुऱ्हाड धरून माझ्या पाठीशी उभी. "वाघ थांबते का तुमचं झाडनं होतवरी?" ती म्हणाली. थोडं झाडलं, तोच मागं पानं वाजली. वानर होतं. तरी खराटा टाकला आणि काडी मीच ओढली. वारा होता, आग उतारावर चढत गेली, आम्ही नुसते बघत राहिलो. विझल्यावर हात दाबून पाहिला. राखेखाली माती कोरडी होती.

हे पत्र झाडाखाली तुला वाचून दाखवणार होतो. रोज जातो, पण कागद खिशातून निघत नाही. एक मात्र सांगतो. दुसऱ्या दिवशी त्या काळ्या जमिनीवर सगळी फुलं लगेच दिसली. मी भराभर वेचली, उजाडता उजाडता घरी आलो, आणि माय, मला बरं वाटलं.