तरसाचा पिंजरा

३ नोव्हेंबर
विट्याहून दुपारी पोचले. कृष्णाकाठच्या या शहरातलं जुनं प्राणिसंग्रहालय बंद पडलंय. तिथं आता बाग होतेय आणि बागेतल्या पाट्यांवरचा इतिहास मी लिहायचाय. माझी पहिली नोकरी. दादाचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे. तो फोनवर म्हणाला, जनावरांचा कसला आलाय इतिहास. राहायला आवारातलीच खोली मिळालीय. खिडकीत चिंच, पलीकडं हरणांचं कुंपण, मोरांची जाळी. रोजनिशी मोबाईलवरच लिहायचं ठरवलंय. फार छान वाटतंय.

५ नोव्हेंबर
शेजारच्या खोलीत हरणाबाई राहतात. त्यांचे मालक ज्योतिबा इथं जनावरांना खायला घालायचे; आता ते नाहीत. बाई रोज दुपारी तरसाच्या रिकाम्या पिंजऱ्यापुढं बसून गप्पा मारतात. एकट्या असतात म्हणून असेल. मला चहा देतात आणि लय वाळलीस गं म्हणतात.

९ नोव्हेंबर
जनावरं कुठं नेली, ते आज विचारलं. बाई म्हणाल्या, हरणं नेली, मोर नेले, तरसाला कुणी घेतलंच न्हाई. मालकांना दुसऱ्या कामावर धाडलं, फाटकाला कुलूप लागलं. "आमी भिंतीवरनं भाकरी टाकायचो, पर पिंजऱ्यापातूर पोचायची न्हाई. लय वरडलं. समोरच्या घरांनी खिडक्या लावून घेतल्या. मग गप झालं."
आता बोलत बसलं की ते ऐकतं, असं त्या अगदी सहज म्हणाल्या.

१२ नोव्हेंबर
हे सगळं पाटीसाठी लिहिलं. बागेचं काम बघणारे दिग्विजयसाहेब वाचून हसले. म्हणाले, इथं पोरं आईस्क्रीम खायला येणार, त्यांना हे वाचायला देता? सगळे प्राणी सुखरूप हलवले, एवढंच लिहा. नोकरी कायम करायचंही बोलले. लिहून दिलं. सरळ दिलं.

१५ नोव्हेंबर
पिंजऱ्यावर पाटी लागली. हरणाबाईंना खोली सोडायला लावली. भाचा त्यांना माणला, त्याच्या गावी, घेऊन गेला. जाताना म्हणाल्या, दुपारचं तू बसत जा. मी हो म्हणाले. बसले नाही. त्या पाटीसमोर बसायचं तरी कसं?

१७ नोव्हेंबर
दुपारी गज वाजले. दातांनी कुरतडल्यासारखे. जाऊन पाहिलं तर आत कोणी नाही. फरशीवर लाळ. ओली.

१८ नोव्हेंबर
चालले की मागं नखं वाजतात. थांबले की थांबतात. पिंजरा रंगवणारा कृष्णात काम टाकून गेला. आत कुणीतरी ब्रशचा दांडा चावला म्हणतो. साहेब म्हणाले, प्यायला असेल. प्यायला नव्हता—

२० नोव्हेंबर
उद्घाटन. पिंजऱ्यात बसून फोटो काढायची सोय केलीय. शाळेची पोरं आत शिरली. त्यांच्या मागं भिंतीवर सावली. उतरती पाठ, फासळ्या— हाताला धरून एकेकाला ओढलं. शेवटच्या मुलीला बाहेर ढकललं आणि दार—

बाहेरून अडकलंय. हाका मारतेय. लाऊडस्पीकरपुढं ऐकू जात नाही. साहेबांना फोन लावला, त्यांनी कापला. भाषण चालू आहे.

मानेवर श्वास. बोलतेय त्याच्याशी, बाई बोलायच्या तशी. माझं ऐकत नाही—

गजांपाशी एक अनोळखी बाई आलीय, मोबाईल धरून. दार ओढा म्हणाले तिला. हसतेय. म्हणतेय, ताई, जरा मागं सरा, म्हंजे फोटूत सगळं—