पोस्टवाल्या वहिनींची नात

आई, क्रिप्टो म्हणजे काय हे तुला समजावून सांगायचं म्हटलं, तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. तू गेलीस तेव्हा आपल्या घरात मोबाईल आलेला होता, पण तो फक्त फोन यायला आणि करायला. त्यावरही तू ओरडून बोलायचीस, पलीकडचा माणूस लांब आहे म्हणून. आता त्याच मोबाईलमध्ये लोक पैसे गुंतवतात, आणि ज्यात गुंतवतात ते नाणं कुठल्या सरकारचं नसतं, कुठल्या बँकेचं नसतं, हातात धरता येत नाही की देवापुढे ठेवता येत नाही. तुझी नात ते दर महिन्याला घेते. थोडंसंच घेते, पण नेमाने. 'आजीच्या आर.डी.सारखंच आहे गं,' असं ती एकदा म्हणाली आणि मला इतका राग आला की पोळी तव्यावर करपली. तुझ्या आर.डी.शी कशाचीही तुलना झालेली मला चालत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

तुझी दुपारची फेरी मला अजून दिसते. पगार झालेले आहेत, जेवणं आटोपली आहेत, भांडी घासून पालथी घातली आहेत, आणि तू कापडी पिशवी खांद्याला लावून डोंबिवली पूर्वेच्या बिल्डिंगांचे जिने चढते आहेस. शाळेला सुट्टी असली की मी मागोमाग. लिफ्ट तेव्हा कुठेच नव्हती. पोस्टाच्या अल्पबचतीची एजंट म्हणजे महिन्याचे हप्ते घरोघरी जाऊन गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे, एवढंच काम; पण दारात उभं राहून तू कधी पैसे घेतले नाहीस. थेट स्वयंपाकघरात जायचं, ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायचं, अर्धा कप चहा घ्यायचा, मुलांची चौकशी, सासूच्या दम्याची चौकशी, आणि अगदी शेवटी रव्याच्या डब्यातून निघालेल्या नोटा. त्यांना रवा लागलेला असायचा आणि तू तो पदराने पुसायचीस. 'वहिनी, ह्यांना काही बोलू नका हं,' असं निम्म्या बायका म्हणायच्या. तू मान हलवायचीस आणि विषय लगेच लोणच्यावर न्यायचीस. घरोघरी अर्धा अर्धा कप करत तू इतका चहा प्यायचीस की रात्री तुला जेवण जायचं नाही, आणि बाबा म्हणायचे, कमिशन सगळं ॲसिडिटीच्या गोळ्यांत जातंय.

एकदा एका काकूंकडून निघून जिना उतरताना मी विचारलं होतं, त्या काकूंचे एकूण किती झाले असतील गं? तू पायरीवरच थांबलीस. मला वाटलं दम लागला. तू म्हणालीस, 'दुसऱ्याच्या पैशाचा आकडा तोंडात आणायचा नाही. आणि डोक्यात आला तर तिथेच सोडून यायचा, घरी आणायचा नाही.' आवाज चढवला नव्हतास, पण पुढच्या दोन बिल्डिंगांत मी तुझ्या चार पायऱ्या मागेच राहिले. मला फार लागलं होतं ते. आज वाटतं, त्या वेळी तू मला तुझा सगळा धंदा एका वाक्यात शिकवलास, आणि मी मात्र कॉलेजच्या ऑफिसात फियांच्या पावत्या फाडण्यात नोकरी काढली.

तुझी नात ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत आहे. हुशार आहे, तोंडाने फटकळ आहे, आणि तुझ्यासारखीच भराभर चालते. तिच्या त्या कॉइनबद्दल घरात आणि दारात प्रत्येकाचं काही ना काही मत आहे. ह्यांचं म्हणणं, जे दिसत नाही ते घ्यायचं कशाला. मग ती विचारते, बाबा, तुमचे म्युच्युअल फंड कुठल्या कपाटात ठेवलेत? सोसायटीचे चेअरमन म्हणतात, निव्वळ सट्टा. पण भाव वर गेला की लिफ्टमध्ये हळूच विचारतात, अजून घेता येतं का गं? आमच्या ऑफिसातल्या एका बाईंचा हिशोब सरळ आहे, सरकार त्यावर कर घेतं म्हणजे ते खरं असणार. दिवा स्टेशनहून आमच्याकडे कामाला येणारी बाई एकदा भांडी घासता घासता म्हणाली, 'ताई, माझ्या दिराने घेतलंय ते. रोज सकाळी उठून आधी मोबाईल बघतो. वाढलं की चहाला पैसे देतो, पडलं की बायकोवर खेकसतो. म्हणजे ते आमच्या घरात पण आलंच की.' बाजाराचं इतकं नेमकं वर्णन मी पेपरातही वाचलेलं नाही.

मला समजावताना तुझी नात म्हणाली होती, 'आई, बघ ना, आजीच्या वेळी लोकांना आजीवर विश्वास ठेवायला लागायचा. आजी पैसे भरेल, पोस्ट ते परत देईल. इथे कोणावरच विश्वास ठेवायला नको. सगळा व्यवहार सगळ्यांना दिसतो, कोणी एकटा बदलू शकत नाही. तीच तर भारी गोष्ट आहे.' पुढे सगळं जग ह्यावरच चालणार आहे, बँकांना सुद्धा यावं लागेल, असंही तिचं ठाम मत. मी ऐकून घेतलं. खरंही असेल. आपल्याकडे भाजीवाल्याला मोबाईलवरून पैसे देता येतील हे तरी कोणाला खरं वाटलं होतं?

आणि मग काकू आल्या. तुझ्या जुन्या खातेदार काकू, मागच्या गल्लीतल्या, ज्यांच्या स्वयंपाकघरात नेहमी सुंठेचा वास असायचा. तुझ्या बरोबरीच्या बायकांपैकी आता ह्या भागात त्या एकट्याच उरल्या आहेत. काका गेले, मुलगा बंगळूरला. दोन्ही गुडघे गेलेत, ठाण्याच्या डॉक्टरांनी बदलायला सांगितलेत, आणि त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम अपुरी पडते आहे. व्याजाने ती वाढता वाढत नाही आणि मुलाकडे मागायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं. लिफ्ट नेमकी बंद होती, तर जिना एकेक पायरी करत चढून आमच्याकडे आल्या, सोफ्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, 'तुझी मुलगी ते कॉइनचं करते ना? भजनी मंडळात सगळ्या सांगत होत्या. माझेही घालायला सांग तिला. वर्षभरात गुडघ्यांपुरते झाले की काढून दे म्हणावं.'

मी म्हटलं, काकू, ते पोस्टासारखं नसतं. त्या हसल्या. 'अगं, मला काय करायचंय ते कसं असतं? तुझ्या आईला तरी मी कधी विचारलं होतं? ती आली की मी देत गेले. आता पोस्टवाल्या वहिनींची नात आहे, तिच्याकडे देते.'

लेकीला हे सांगितलं तर ती खूशच झाली. 'ह्या आजी किती भारी आहेत!' मी म्हटलं, तू ह्यात पडू नकोस. त्यावर जे व्हायचं ते झालं. 'तुझा माझ्यावर विश्वासच नाही,' ती म्हणाली. 'मी अभ्यास करून घेते, उगाच कोणाचं ऐकून नाही. आजी सत्तरीच्या पुढे जाऊन नवीन काही शिकायला बघतात आणि तू त्यांना मागे खेचतेस.' मी म्हटलं, त्यांना नवीन काही शिकायचं नाहीये, त्यांना गुडघे हवेत. मला भीती वाटत होती, ती पैशाची नव्हती. तू इतकी वर्षं हिंडलीस आणि कोणाचा रुपया इकडचा तिकडे झाला नाही, त्या नावावर आता काकू पैसे ठेवायला निघाल्या होत्या, आणि ते नाव आमच्यापैकी कोणी कमावलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती काकूंकडे गेली. मीही गेले, मला राहवेना म्हणून. काकू तयार होऊन बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, तोंडाला पावडर, गजरा तेवढा बाकी होता. का, तर खातं उघडताना मोबाईल चेहरा बघतो असं कोणीतरी सांगितलेलं. मोबाईल म्हणाला मान डावीकडे करा, उजवीकडे करा, डोळे मिटा. काकूंनी डोळे मिटले आणि सवयीने हातही जोडले. आम्ही दोघी हसलो, त्याही हसल्या. चहा आला. अर्धा कप नाही, पूर्ण. सगळं छान चाललं होतं, आणि मला वाटलं, उगाच मी बाऊ केला.

मग एक पान आलं, ज्याखाली टिचकी मारून पुढे जायचं असतं. ते कोणी वाचत नाही. तुझ्या नातीने स्वतःच्या वेळीही वाचलं नसणार. पण काकूंना चष्म्यातून दिसेना, त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? म्हणून तिने मराठीत करून सांगितलं, 'आजी, ह्यात लिहिलंय की तुमचे सगळे पैसे जाऊ शकतात आणि गेले तर कोणाकडे तक्रार करता येणार नाही.'

काकूंनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, 'असू दे गं. तू आहेस ना.'

आई, मी तिच्याकडे बघत होते. तिचा अंगठा काचेवर तसाच राहिला. खिडकीतून खालच्या भंगारवाल्याची हाक ऐकू येत होती. तिने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, 'आजी, मी नाही करणार हे. सॉरी.' काकूंना आधी कळलंच नाही, मशीन बिघडलं असं वाटलं. तिने पुन्हा सांगितलं, की तिचे स्वतःचे गेले तर ती रडेल आणि पुढच्या पगाराची वाट बघेल, पण हे गुडघ्यांचे आहेत, हे ती घालू शकत नाही. काकूंचा चेहरा बदलला. पावडर लावलेल्या चेहऱ्यावर ते फार दिसतं. त्या म्हणाल्या, 'तुझी आजी घरी येऊन घेऊन जायची. तू घरी येऊन नाही म्हणतेस.' कप त्यांनीच उचलले, आम्हाला उचलू दिले नाहीत, आणि आम्ही निघालो तेव्हा 'या हं' म्हणाल्या नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ती भराभर पुढे चालत होती. मग म्हणाली, 'त्या कॉइनवर पैसे लावतच नव्हत्या गं. त्या माझ्यावर लावत होत्या.' आणि रस्त्यातच तिचे डोळे भरले. मी तिचा दंड धरला. घरी येऊन तिने शिकरण-पोळी मागितली, लहानपणी आजारी पडल्यावर मागायची तशी.

इथे थांबलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण त्यानंतर भाव चढला. थोडाथोडका नाही, असा चढला की पेपरात पहिल्या पानावर आला, आणि भजनी मंडळात तर पेपराच्या आधी पोचला. काकूंनी मला भाजी मार्केटात गाठलं. हातातली मेथी निवडत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'झाले असते गं माझे गुडघे.' झाले असते, हे खरंच होतं. लेकीला मी सांगितलं नाही, पण तिला कळलं. तिने स्वतःचे थोडे विकले आणि ते पैसे काकूंना द्यायला गेली. काकूंनी दारातूनच परत पाठवली. 'मी मागायला नव्हते आले. ठेवायला आले होते.'

शेवटी त्यांना मुलाला फोन करावा लागला. तो आला, आधी का नाही सांगितलंस म्हणून चिडला, सुट्टी काढून राहिला, ठाण्याला ऑपरेशन करवून गेला. आता काकू काठी घेऊन बागेपर्यंत जातात. आमच्याशी बोलतात, संक्रांतीला तिळगूळही दिला. पण मागावं लागलं हे त्या विसरलेल्या नाहीत, आणि तुझ्या नातीला त्या आता 'हुशार आहे हो' म्हणतात, तू आहेस ना असं म्हणत नाहीत. भाव मध्यंतरी बराच खाली आला, पुन्हा थोडा वर गेला. पुढे काय होईल ते कोणाला माहीत नाही. जे सांगतात त्यांनाही नाही. ती अजून घेते दर महिन्याला. पण कोणी विचारलं की कशात घालू, तर विषय बदलते, आणि तिला तो फारसा सफाईने बदलता येत नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार आहे! पोस्टाशी तर तुझ्याशिवाय माझा कधी संबंध आला नाही. तरी लिहायला बसले, कारण एक गोष्ट मला कोणाला तरी सांगायची होती. ज्या दिवशी भाव पहिल्या पानावर आला, त्या दिवशी मलाही वाटलं होतं की पोरीने काकूंना उगाच नकार दिला. ते काही दिवसांत गेलं. पण ती त्या दिवशी बरोबर वागली, आई, हे मी तिला अजूनही सांगितलेलं नाही. तुला इतकी पानं लिहिली, आणि ती शेजारच्या खोलीत बसली आहे.