सुलक्षणी

आई, तुला पणती झाली. मुलुंडच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत आहे, आज पंचविसावा दिवस. जन्मल्यावर सहाव्या दिवशी ती दूध ओढेना, रडेना, नुसती निजून. माझी लेक कौतुकानं म्हणाली, "मम्मी, किती शांत आहे ना ही!" मीही मान डोलावली. मग पाय गार लागले आणि आम्ही रिक्षा करून धावलो. तिथली डॉक्टरीण, वयानं माझ्या विद्यार्थिनीसारखी, म्हणाली, "आजी, न रडणं हेच लक्षण. रक्तात जंतू आहेत, हृदयाच्या झडपेवरही बसलेत." पन्नाशीत आजी म्हटल्याचा राग यायलाही सवड नव्हती.

लक्षण! जन्मभर संस्कृत शिकवलं, पण हा शब्द मला त्या दिवशी कळला. घाटकोपरच्या खोलीत तू माझ्या धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसली आहेस, शेजारणींना सांगते आहेस, "माझी सुलक्षणी गं, रडायचं नावच नाही." मला नऊ वर्षं 'अवलक्षणी' म्हणून झाल्यावर एवढा चांगला शब्द तुला सापडला, तोही तिच्यासाठी. दहा दिवस जगली. आत्या भिंतीकडे बघत म्हणाली, "आईचंच दूध बाधलं." बाबांना रोज तोंडावर उत्तर देणारी तू, तिच्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिलीस. पुढे कुणाचंच बाळ मांडीवर घेतलं नाहीस. माझ्या लेकीलाही दारातूनच पाहिलंस, आणि त्याच वर्षी गेलीस.

डॉक्टरणीला मी धाकटीचं विचारलं. "चाळीस वर्षांपूर्वीचं कसं सांगू, आजी? पण आईच्या दुधानं असं होत नाही हो." खरं तर मला विचारायची गरजच नव्हती. त्या शेवटच्या सकाळी बोंडल्यात तुझं दूध काढून, ते माझ्या हाती देऊन तू नळावर गेलीस. दूध तिच्या ओठांवरून गळ्यावर ओघळलं, थेंबही आत गेला नाही. मी झबल्यानं पुसलं. मला पाठांतराच्या स्पर्धेला जायचं होतं. तू विचारलंस, "प्यायली का गं?"

"सगळं," मी म्हणाले.

संध्याकाळी आत्या बोलली तेव्हा मी कोपऱ्यात बक्षिसाची कंपासपेटी घेऊन उभी होते. दुसरा नंबर आला होता.

पणती वाचेल, म्हणतात. हे पत्र तू असतीस तरी मी टाकलं नसतं. त्या संध्याकाळनंतर सतरा वर्षं तू समोर होतीस, आई.