आपाला पुन्हा सांगितलेला सिनेमा

५ जानेवारी, सातारा
सकाळी भाच्याचा, इम्रानचा फोन. आपाच्या पोटातली गाठ कॅन्सरचीच निघाली. आपाला मात्र त्याने अल्सर म्हणून सांगितलंय. "खाला, तुमी येऊन ऱ्हावा चार दिस. पण अम्मीला कळता कामा न्हाई." मी हो म्हटलं. नोकरीभर पोरांना 'खरे बोलावे' फळ्यावर लिहून दिलं, आणि लगेच हो म्हटलं.

७ जाने., सांगली
एसटीने आले. आपा बारीक झालीय, जीभ तशीच. दारातच, "रिटायर झाल्यापासनं लय फुगलीस गं."
घरातले सगळे तिच्याशी इतकं गोड बोलतात की मलाच कसंतरी होतं. कालपरवापर्यंत कप आपटणारी सून आता साखर बरोबर आहे का विचारते. जेवताना इम्रान भरवायला गेला, तर आपाने त्याचा हात झटकला.
डॉ. म्हणतात, ऑपरेशन करायचं तर याच आठवड्यात ठरवा. इम्रानचं ठरलंय, नको. या वयात कशाला कापाकापी. आपाला कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.

८ जाने.
दुपारी आपाला करमेना. "तो फादरचा शिनेमा मोबाइलवर सापडतोय का बघ की." सापडला. हॉलिवूडचा, जुना, काळा-पांढरा. साताऱ्याला सिस्टरांच्या शाळेत दरवर्षी हॉलमध्ये पडदा लावून दाखवायचे. पालक म्हणून अब्बांच्या जागी आपा यायची. तिची स्वतःची शाळा सातवीत सुटली, माझे गणवेश तिच्याच मशीनवर शिवलेले. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी कानाशी लागून मराठीत सांगायची.
आजही तसंच. फादर नवा, सिस्टर जुनी, पडायला आलेल्या शाळेवरून दोघांची तणतण. आपा सिस्टरच्या बाजूने. "ह्या बाप्याला काय कळतंय शाळेतलं!" पोट धरून हसली. मग पोट दुखलं.
शेवटची वीस मिनिटं राहिली आणि तिचा डोळा लागला. मला सुटल्यासारखं झालं.

९ जाने.
कारण शेवट मला माहीत आहे. सिस्टरला क्षय झालेला असतो. डॉक्टर फादरला बजावतो, तिला कळू देऊ नका. मग नुसतीच बदली. तिला वाटतं, फादरनेच आपला काटा काढला. ती निघते तेव्हा तो खरं सांगून टाकतो.
सहावीत मला यातलं काही कळलं नव्हतं. बोलणं भरभर, आणि आपा "काय म्हंतोय?" करत कोपर मारत होती. मी दिलं ठोकून, सिस्टरला बढती मिळाली, मोठ्या शाळेत चाललीय. पुढे नववीत खरा शेवट कळला, पण तोवर आपाने ही गोष्ट अख्ख्या मोहल्ल्याला सांगितली होती. मग कोण दुरुस्त करतंय! ती अजून त्या बढतीवर खूश आहे.
संध्याकाळी इम्रानला म्हटलं, तिला विचार तरी. भडकला. "तुमी चार दिसांनी सातारला जाशिला, खाला. तिनं हाय खाल्ली तर सांभाळायचं कुणी?" त्याचंही खोटं नाही. सून सांगत होती, दुकानात गाद्या शिवताना रडतो. राग आला होता, पण विषय सोडून दिला.

११ जाने.
आज आपाने आपणहून मोबाइल पुढ्यात ठेवला, राहिलेला शेवट लाव म्हणून. इम्रान दुकानात, सून बाजारात.
सिस्टरचा उतरलेला चेहरा बघून आपा म्हणाली, "बढती मिळाल्यावर एवढं कशापायी रडती ही?"
पुन्हा ठोकून द्यायला तोंड उघडलं. नाही जमलं. सरळ सांगितलं. बढती नाही, आजार आहे. तिला कुणी सांगितलेलं नाही. आता फादर सांगतोय.
आपाने पडद्यावरच्या सिस्टरकडे बोट केलं. "आन् मग आता हासती कशाला?"
"तिला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं. तसं नाही हे आता कळलं."
सिनेमा संपला. आपाने मोबाइल पालथा ठेवला. "शमा, माजं काय चुकलंय गं? आठ दिस झालं, घरात माज्याशी कुणी भांडत न्हाई."
चहा टाकते म्हणून मी उठले. ओट्याशी उभी राहून हे लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं. गॅस पेटवलेलासुद्धा नाही.
हाक आलीच. "च्या ऱ्हाऊ दे. हितं ये, माज्यासमोर बस."