फटाक्यांची थंडगार खोली

आमगाव, १४ मे २००७

चि. दुर्गेश यास काकूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे काकाजी आपल्या फटाक्यांच्या गोदामात राहायला गेले आहेत, म्हणून हे पत्र. फोनवर सांगितले की तू हसत सुटतोस. पत्र वाचताना हसलास तरी मला ऐकू येणार नाही.

स्फोट झाला तरी शेजाऱ्यांच्या अंगावर वीट येऊ नये आणि पंख्याशिवाय माल तापू नये, अशी भिंत तू बांधलीस. विटांचे दोन पदर, त्यांत सळया, मधल्या पोकळीत राइस मिलच्या भट्टीतली राख. तेव्हा मी तुला वेड्यात काढले होते. ते शब्द परत घेते. भर दुपारी लाईन जाते, गाव भाजून निघते आणि गोदामात माठाशेजारी बसल्यासारखे वाटते.

तिथेच घोटाळा झाला. आधी हे दुपारी टेकायला गेले. मग खाट गेली. मग यांचे मित्र केशोराव आणि चैतराम आले. लग्नसराईच्या फटाक्यांची पेटी मध्ये ओढून तिच्यावर रमी चालते. आणि दुर्गेश, तिघेही बिडी ओढतात! मी ओरडले, तर हे म्हणतात, काऊन ओरडून राहिली, पोराची भिंत बॉम्बले भीत नाही, बिडीले काय भिणार? केशोराव तर म्हणाले, वहिनी, तुम्हीही आत या, बाहेरच धोका आहे.

येत्या सोमवारी परवान्याचे साहेब पाहणीला येणार. बिडी दिसली तर परवाना जाईल, त्याआधी ठिणगी पडली तर नवरा. परवाना एक वेळ पुन्हा मिळेल. माझे हे ऐकत नाहीत, तुझे ऐकतील. लगेच लिही.

तुझी काकू,
सुशीला

नागपूर, १७ मे

ती. काकूंस दुर्गेशचा कृ. सा. न. वि. वि.

आधी हसलो, मग घाम फुटला. काकाजींना हे वाचून दाखवा.

भिंत बाहेरच्यांसाठी आहे. स्फोटाला कुठून तरी वाट द्यावी लागते, म्हणून छत मुद्दाम हलक्या पत्र्याचे ठेवले आणि ऊन परतवायला वरून चुना मारला. बार झाला तर भिंती जागेवर राहतील, शेजारच्या जागेश्वरभाऊंच्या छपरावरच्या कवेलूंनाही धक्का लागणार नाही. आत जे असेल ते मात्र पत्र्यासकट उडेल. काकाजी कुठे उतरतील, याचे गणित मला येत नाही.

माया आहेच, ती राहू द्यावी.

आपला,
दुर्गेश

आमगाव, २० मे

चि. दुर्गेश यास आशीर्वाद.

पत्र मी गोदामाच्या दारात उभी राहून मोठ्याने वाचले. तिघांनी एकदम पत्र्याकडे पाहिले. चैतराम हातात जोकर धरूनच पळाले. केशोरावांनी चप्पल नंतर मागवून घेतली, स्वतः आले नाहीत.

हे मात्र बसून राहिले. मी उडालो तरी भिंत खरंच शाबूत राहील काय, असे विचारले. राहील म्हटल्यावर पोरगा हुशार निघाला म्हणून डोळे पुसले आणि मगच उठले. अट एकच घातली आहे: आमच्या झोपायच्या खोलीला पश्चिमेकडून तशीच राखेची भिंत हवी. मी कबूल केले. छत मात्र चांगले जड घाल.

उद्या साहेबांना दाखवायला कोरी खोली आहे. लोभ ठेव, आणि सुटीत ये.

आज ताब्यात घेतले: खाट, उशी, पत्त्यांचा कॅट (एक जोकर कमी), बिडीचे बंडल, काडेपेटी आणि गोदामाची किल्ली.

देणार: तुझे काकाजी श्यामलाल, कुरकुरत.
घेणार: सुशीला.