टोपी, टर्पेंटाईन आणि कोळशाच्या खोलीसमोरचा थांबा

मी, गिडियन प्रिंगल, वय वर्षे त्र्याऐंशी, पूर्वीचा धंदा लोकरी कपड्यांच्या गिरणीत विणयंत्र चालवणे, राहणार किर्कलॉ, स्कॉटलंड, आज पूर्ण शुद्धीत, रागाने पण विचार करून, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. रग्बीच्या अकरा आंतरराष्ट्रीय सामन्यांत स्क्रमच्या, म्हणजे त्या खांद्याला खांदा भिडवलेल्या रेटारेटीच्या, मधोमध डोकं घालणाऱ्याचं डोकं अजून शाबूत कसं, असं क्लबचा अध्यक्ष हेक्टर मर्डी विचारल्याशिवाय राहणार नाही. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळं किर्कलॉ रग्बी क्लबला दिलं होतं. ते मी रद्द करतो.

कलम १. माझं दोन खोल्यांचं घर आणि दफनाचा खर्च भागून बँकेत जे उरेल ते, माझा धाकटा भाऊ निकोल याची मुलगी सेंगा हिला मिळावं. ती इंग्लंडात राहते. मी तिला तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. न देण्याचा तिला हक्क आहे आणि त्याने हे कलम बदलत नाही. तिने घर खुशाल विकावं, फक्त क्लबच्या माणसाला विकू नये. वकील मिस ऑलिव्हर म्हणतात, ही अट कोर्टात टिकणार नाही. मी म्हटलं, न टिको, पण त्यांना वाचावी तर लागेल.

कलम २. विणयंत्राच्या सुया सरळ करायचे माझे दोन चिमटे गावच्या संग्रहालयाला द्यावेत. गिरणी बंद पडली त्या दिवशी ते मी खिशात घालून आणले. चोरीचा माल अशी चिठ्ठी लावायला माझी हरकत नाही.

कलम ३. किर्कलॉ रग्बी क्लबला टर्पेंटाईनची एक बाटली आणि एक जुनं फडकं. क्लबच्या दालनात १९६५ च्या संघाचा फोटो आहे. त्याखाली पंधरा खेळाडू आणि चौदा नावं आहेत. पंधरावं नाव काळ्या रंगाने पुसलेलं आहे. ते निकोल प्रिंगल असं आहे. फडकं भिजवून हळू घासलं तर काळा रंग निघेल.

हे नाव का पुसलं, ते तरुणांना ठाऊक नसेल म्हणून लिहितो. आमच्या काळी रग्बीसाठी पैसे घेणं म्हणजे पाप होतं. बूट स्वतःचे, चड्डी स्वतःची, शनिवारी मरेफील्डच्या राष्ट्रीय मैदानावर स्कॉटलंडसाठी हाडं मोडून घ्यायची आणि सोमवारी सहाला गिरणीत हजर. निकोल माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आणि दुपटीने वेगवान. देशासाठी आम्ही दोघं एकत्र दोनच सामने खेळलो. मग १९६६ साली उत्तर इंग्लंडातल्या एका व्यावसायिक संघाचा माणूस मोटार घेऊन आला, आईच्या स्वयंपाकघरात चहा प्यायला आणि निकोलने कागदावर सही केली. त्याची बायको गरोदर होती आणि घर भाड्याचं होतं. त्या दिवसापासून त्याला क्लबचा उंबरठा जन्मभरासाठी बंद झाला. दारू पिऊन मैदानाचा रोलर नदीत ढकलणारे आत बसत होते. पोराबाळांसाठी सही करणारा बाहेर.

कलम ४. माझी टोपी. देशासाठी पहिला सामना खेळलं की ही मखमली, गोंड्याची टोपी मिळते. नंतर कितीही खेळा, दुसरी मिळत नाही. गेल्या महिन्यात क्लबचा अध्यक्ष हेक्टर मर्डी बिस्किटांचा डबा घेऊन आला.

"काका, टोपी आमच्याकडे काचेच्या कपाटात ठेवू. सुरक्षित राहील."

"माझ्या ट्रंकेत तिला काय झालंय?"

"तसं नाही हो. आणि तुमच्या दफनानंतरचा चहा क्लबमध्येच करायचा, बरं का. आंतरराष्ट्रीय खेळाडूची शवपेटी दफनाआधी आपण मानाने आत नेतो. निकोलकाकांचा फोटोही लावू. आता सगळेच पैसे घेतात, ते जुनं कोण धरून बसतंय?"

मी त्याला बिस्किटांसकट घराबाहेर काढलं. १९९५ मध्ये खेळात पैसा आला आणि क्लबने सगळ्या बहिष्कृतांना पत्रं धाडली, या, दार उघडं आहे. निकोलचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. तो ९३ मध्येच गेला होता. कोण धरून बसतंय म्हणे. मी बसलोय.

टोपी सेंगाला द्यावी. तिने ती वापरावी, विकावी किंवा चुलीत घालावी.

कलम ५. हे कलम गाळा असं मिस ऑलिव्हर दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, बाकीचं गाळलंत तरी चालेल, हे लिहा.

आमचे वडील तीस वर्षं क्लबच्या मैदानाची देखभाल करत होते. नोव्हेंबर १९७२ मध्ये ते गेले आणि दफनानंतरचा चहा क्लबमध्ये ठेवला. निकोल बायको आणि सहा वर्षांच्या सेंगाला घेऊन आला. दारात मी उभा होतो.

"तुझी बायको आणि पोर आत जातील," मी म्हणालो. "तू नाही. नियम आहे."

"दादा, बाबांचा चहा आहे."

"नियम आहे, निकोल."

तो वाद न घालता कोळशाच्या खोलीपाशी जाऊन उभा राहिला. सेंगाने आतून मटणाची पाई कागदात गुंडाळून नेली. ती त्याने गारठ्यात उभ्याने खाल्ली आणि ते निघून गेले. पुन्हा तो किर्कलॉला आला नाही.

पन्नास वर्षं मी सांगत आलो की क्लबने माझ्या भावाला बाहेर ठेवलं. आता खरं लिहितो. त्या सकाळी तेव्हाचे अध्यक्ष माझ्याकडे आले होते. म्हणाले, "गिडियन, तुमचा बाप गेलाय. तू निकोलला आत आण, आम्ही पाठ करून उभे राहू." आणि ते सगळे खरंच पाठ करून उभे होते. मीच आणलं नाही. पुढच्या वसंतात मला निवड समितीवर घेणार होते आणि मला स्वच्छ राहायचं होतं. शिवाय तो मला मैदानात एकटा सोडून गेला, याचा मला राग होता. क्लबवर माझा राग आहेच, तो राहील. पण दारात मी होतो.

कलम ६. माझी पेटी चर्चमधून क्लबवर न्यावी आणि कोळशाच्या खोलीसमोर जमिनीवर ठेवावी. खांदेकऱ्यांनी आत जाऊन दार लावून पाई खावी. पाऊस असला तरी पेटीवर काही घालू नये. सेंगा आली असेल तर मला आत न्यायचं की नाही, ते तिला विचारावं. हेक्टरने मध्ये बोलू नये. ती आली नसेल किंवा नाही म्हणाली, तर मला तिथूनच दफनभूमीत न्यावं. तिची मनधरणी कोणी करू नये. नियम आहे.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मी ऐकलं आणि एकही शब्द बदलला नाही.

सही: गिडियन प्रिंगल

साक्षीदार:
१. मोराग टेट, परिचारिका. (यांनी कलम ५ ऐकताना दोनदा खिडकीबाहेर पाहिलं, पण सही केली.)
२. विल्यम डगिड, बेकरीवाला. (पाई यांच्याकडूनच घ्यावी.)

स्थळ: किर्कलॉ
तारीख: ९ मार्च २०२३