तक्रारदार मी आहे, तक्रार माझी नाही

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
(‘खोऱ्याची खबर’ प्रकरण)
मुक्काम भोर, जि. पुणे.

अर्जदार : सौ. मंगल कुंडलिक पारठे, वय ४१, धंदा शेती व अंगणवाडी मदतनीस,
रा. मौजे हिरडेखोल, ता. वेल्हे (राजगड), जि. पुणे.

विषय : पत्रकार श्री. प्रशिक रणपिसे यांच्याविरुद्ध माझ्या नावाने नोंदवलेली तक्रार मी केलेली नसल्याबाबत, व माझा जबाब माझ्या शब्दांत लिहून घेणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज. दोन्हींची पोच मिळालेली नाही.

महोदय,

१. मी वर लिहिलेल्या पत्त्यावर राहते. हा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाला सांगून लिहून घेतलेला नाही. ही गोष्ट सुरुवातीलाच का लिहावी लागली, ते पुढे आपल्या ध्यानात येईल.

२. आमच्या गावावरच्या डोंगरउतारावर एका कंपनीचे पर्यटन संकुल होणार आहे. आमच्या ग्रामसभेने त्याला नकार देणारा ठराव केलेला आहे. त्याची जनसुनावणी जानेवारी महिन्यात झाली. ती आमच्या गावात न ठेवता रस्त्याकडेच्या एका मंगल कार्यालयात ठेवली. तरी आम्ही टेम्पो करून गेलो. माझे पती श्री. कुंडलिक पारठे यांनी उभे राहून एवढेच म्हटले, की “आमच्या ग्रामसभेनं ठराव केलाय, त्यो आदी वाचा, मंग पुढचं बोला.” तेव्हा त्यांच्या हातातला माईक काढून घेतला. माझे पती मोठ्या आवाजाचे आहेत. त्यांनी माईकशिवाय तेच वाक्य पुन्हा म्हटले व लोकांनी टाळ्या वाजवल्या. यापलीकडे त्या दिवशी काही झाले नाही. खुर्ची मोडली नाही, दगड उचलला नाही.

३. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोलीस घरी आले. “पाच मिनिटं समज द्यायची आहे, चला,” असे म्हणाले. पतींनी पायात चपला घातल्या व ते गाडीत बसले. चहा चुलीवर होता, तो मी उतरवूनही ठेवला नाही, म्हटले आत्ताच येतील. त्यानंतरच्या दिवशी संध्याकाळी त्यांना आणून सोडले. दोघांनी बखोटीला धरून ओट्यावर बसवले. पायात चपला नव्हत्या. पाठीवर व मांड्यांवर काळेनिळे वळ होते. डाव्या कानातून पाणी येत होते व त्या कानाने त्यांना आजही ऐकू येत नाही. जखमा मी धुतल्या आहेत. म्हणून मी जे सांगते ते ऐकीव नाही.

४. दोन दिवसांनी भोरहून श्री. प्रशिक रणपिसे आले. ते ‘खोऱ्याची खबर’ नावाचे साप्ताहिक चालवतात व मोबाईलवर बातम्याही दाखवतात. आमच्याकडे दुसरा कोणी वार्ताहर आला नाही. आमच्या भागात पूर्वी लिहिणारे होते, पण कोणाला नोटीस आली, कोणाच्या जाहिराती बंद झाल्या, आणि आता ते वाढदिवसाच्या बातम्या देतात. प्रशिक यांनी मला आधी विचारले, “वहिनी, तोंड झाकून दाखवू का? नाव बदलतो पाहिजे तर.” मी म्हटले, “कशाला? म्या काय चोरी केली व्हय?” ते म्हणाले, “त्रास होईल.” मी म्हटले, “झाला त्यो काय कमी हाय?” मग त्यांनी मोबाईल सुरू केला व ते गप्प बसले. मी बोलले ते शब्द असे :

“माजा माणूस सोताच्या पायानं गेला व्हता. आणला तवा दोघांनी धरून आणला. ठराव वाचा म्हनला, येवढाच त्येचा गुन्हा. कुनी मारलं ते मला इचारू नका, ज्यांनी नेलं त्यास्नी इचारा.”

प्रशिक यांनी त्यात एक शब्द घातला नाही, एक काढला नाही. शेवटी त्यांनी पोलिसांचे म्हणणे घेण्यासाठी फोन केला होता व तो उचलला गेला नाही, हेही त्यांनी बातमीत सांगितले.

५. ती बातमी खूप लोकांनी पाहिली. त्यानंतर प्रशिक यांना भोरच्या एसटी स्टँडजवळच्या त्यांच्या खोलीतून पकडून नेले. खोलीला सील लागले. कॅमेरा, मोबाईल, कॉम्प्युटर सगळे जप्त झाले. ज्या मुलींनी-बायांनी ती बातमी आपापल्या ग्रुपवर पुढे पाठवली होती, त्यांना नोटिसा आल्या. आमच्या गावात एका संध्याकाळी घरोघरी मोबाईलमधून ती बातमी काढून टाकणे चालले होते. मी कोणाला दोष देत नाही. भीती खोटी नव्हती.

मला वाटले, आता मलाही बोलावतील. मी काळीज घट्ट करून बसले होते असे नाही. दारात गाडी वाजली की हातातले काम टाकून मी दाराशी जायचे. पण बोलावणे आले नाही. ते का आले नाही ते मला एका म्हातारीने येऊन सांगितले.

६. प्रशिक यांच्या आई श्रीमती रतनबाई भाटघरला राहतात. त्या दोन एसटी बदलून व शेवटचा रस्ता चालत माझ्या दारात आल्या. मी पाणी दिले, ते त्यांनी हातात धरले, प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, “बाई, माज्या लेकानं तुजं काय वाकडं केलं? तुज्या माणसासाटी त्यो हितवर आला, आन् तू त्येच्यावर केस घातली?” मला काही कळेना. मी म्हटले, “मावशी, म्या कुठली केस घालू?” तेव्हा त्यांनी पिशवीतून वकिलांनी दिलेली प्रत काढली. मी ती उंबऱ्यात उभी राहून वाचली व मग खाली बसले.

७. त्या तक्रारीत तक्रारदार म्हणून माझे नाव, माझे वय, माझे गाव आहे. मजकूर असा, की सदर इसमाने मला अज्ञानी व अशिक्षित समजून, साडीचे आमिष दाखवून, पढवलेले खोटे बोलणे माझ्या तोंडून वदवले. सदर इसम वेगळ्या समाजाचा असून गावात तेढ लावण्याचा व शासनाविषयी लोकांचे मन कलुषित करण्याचा त्याचा हेतू होता. खाली लिहिले आहे : निशाणी डावा अंगठा.

महोदय, मी दहावीपर्यंत शिकले आहे. अंगणवाडीत रोज सही करते. माझ्या नावापुढचा तो अंगठा कोणत्या बाईचा आहे किंवा बाईचा तरी आहे का, हे मला माहीत नाही. साडी कोणी दिली नाही. प्रशिक आमच्या घरी जेवले, नाचणीची भाकरी आणि पिठले. उलट जाताना पतींच्या कानासाठी एका डॉक्टरचा पत्ता लिहून देऊन गेले. तेढ म्हणाल तर बौद्धवस्तीतल्या बायका आणि आम्ही त्या सुनावणीला एकाच टेम्पोतून गेलो होतो.

मी रतनबाईंना म्हटले, “हे माजं न्हाई. म्या भोरला येते, सांगते.” त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. मग पाणी प्यायल्या.

८. त्यानुसार मी आपल्या कार्यालयात आले. आपण बैठकीस गेला होता. तेथील कारकून साहेबांनी माझा अर्ज वाचला व म्हणाले, “तक्रारदार अंगठा करते. तुम्ही सही करता. म्हणजे त्या तुम्ही नाही.” मी म्हटले, तेच तर सांगायला आले आहे. ते म्हणाले, “त्या तुम्ही नसाल तर या प्रकरणाशी तुमचा संबंध नाही. तिऱ्हाईताचा अर्ज घेता येत नाही.” मी आधार कार्ड दाखवले. तेव्हा ते म्हणाले, “आता त्या तुम्हीच असाल, तर तुमचा जबाब झालेला आहे. दुसऱ्यांदा घेता येत नाही.” मी तक्रारीची प्रत मागितली, तर पीडित महिलेची कागदपत्रे गोपनीय असतात, बाहेरच्या बाईला देता येत नाहीत, असे उत्तर मिळाले. मी हसले. हसू यायला नको होते, पण आले. कारकून साहेब रागावले नाहीत, खाली मान घालून हळूच म्हणाले, “ताई, घरी जा. मलाही नोकरी आहे.” अर्ज त्यांनी ठेवून घेतला, पोच दिली नाही.

दुसऱ्या खेपेस हेच झाले, फक्त खुर्चीवर दुसरे कारकून होते.

९. मग मी सारोळ्याला गेले. प्रशिक यांचे साप्ताहिक तिथल्या एका छापखान्यात छापले जाई. माझा जबाब हँडबिल म्हणून छापून द्या, मी बाजारात वाटते, असे मी मालकांना म्हटले. ते म्हणाले मशीन बंद आहे. आतून मशीनचा आवाज येत होता व ते बोलताना त्यांना त्या आवाजावर चढून बोलावे लागत होते. परत येताना हायवेवर एसटीची वाट पाहत उभी राहिले आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्या लोकांसमोर, माझा जबाब मोठ्याने म्हणावासा वाटला. लाज वाटली म्हणून म्हटला नाही. हल्ली मला घरात बसवत नाही, बाहेर उभे राहवत नाही. अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढताना मधेच हात थांबतो. तिथेही ‘शासनविरोधी कृत्यात सहभाग का’ असा खुलासा मागणारे पत्र आले आहे. म्हणजे एका कार्यालयाच्या मते मी पढवलेली अडाणी बाई आहे, आणि दुसऱ्या कार्यालयाच्या मते शासन उलथवणारी. दोहोंपैकी एक काहीतरी ठरवावे, अशी विनंती आहे.

१०. आता जे लिहायचे ते लिहिण्यास हात जड होतो. माझ्या पतींनी आपल्यासमोर जबाब दिला आहे, की ते शेताच्या बांधावरून पडले. तो जबाब खरा नाही. त्या दिवशी ते घरी आले व गोठ्यात जाऊन बसले. मी जेवायला बोलवायला गेले तेव्हा म्हणाले, “त्ये म्हनले, पोराच्या भरतीचं बघ. पोलिसात नाव असलेल्या बापाचं पोरगं कुठं घेतील. म्या काय करनार व्हतो?” आमचा मुलगा अभिषेक सैन्य भरतीची तयारी करतो. रागही आला आणि रागावता आलेही नाही. पतींना परत बोलावून खोटा जबाब दिला म्हणून त्रास देऊ नये. द्यायचा तर मला द्यावा.

११. जामिनाच्या सुनावणीत सरकारी बाजूने सांगितले गेले, की तक्रारदार महिला भयभीत आहे व आरोपी सुटल्यास तिच्यावर दबाव येईल. हे रतनबाईंनी मला फोनवर सांगितले. जामीन नाकारला. म्हणजे प्रशिक आज माझ्या भीतीपायी आत आहेत. मी भयभीत आहे, हे खरे आहे. पण मी कोणाला भिते हे कोर्टाने मला विचारले नाही. विचारले तर सांगेन.

१२. तरी माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. माझ्या नावाची तक्रार माझी नाही, अशी नोंद व्हावी. त्यावरील अंगठा माझ्या अंगठ्याशी ताडून पाहावा. मी दोन्ही हातांची बोटे द्यायला तयार आहे. बातमीतले बोलणे माझे आहे, प्रशिक रणपिसे यांचे नाही, असे लिहून घ्यावे. ते बोलणे गुन्हा ठरत असेल तर तो गुन्हा माझ्यावर नोंदवावा व त्यांना सोडावे, कारण त्यांनी फक्त ऐकले व ऐकवले. माझ्या पतींना कोणी मारले याची चौकशी व्हावी. आणि ग्रामसभेचा तो ठराव एकदा कोणीतरी मोठ्याने वाचावा. तो अजूनही वाचलेला नाही.

१३. इथपर्यंतचा अर्ज मी काल रात्रीच्या जेवणाआधी पतींना वाचून दाखवला. कलम दहा वाचताना मी थांबले. ते म्हणाले, “वाच की.” सगळे ऐकल्यावर ते उठून अंगणात गेले. अभिषेक तिथे होता. दोघे काय बोलले मला माहीत नाही. आत आल्यावर अभिषेकच बोलला, “आई, आबा पण येनार हाईत. भरतीचं माजं मी बगतो.”

१४. त्यानुसार आम्ही सोमवार दि. २४ रोजी सकाळच्या एसटीने भोरला येत आहोत. रतनबाई भाटघरहून येतील. टेम्पोतून सुनावणीला आलेल्या बायकांपैकीही काही येणार आहेत; किती, ते सांगत नाही, कारण आधी कळले तर त्यांच्या दारात गाडी जाईल. आपण जबाब लिहून घेतला तर आम्ही पोच घेऊन निमूट परत जाऊ. तेव्हाही मी तिऱ्हाईत ठरले, तर मी आपल्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभी राहून माझा जबाब पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणेन. बायकांजवळ मोबाईल असतील. त्या वेळी श्री. प्रशिक रणपिसे आपल्याच कोठडीत असतील, त्यामुळे ते शब्द मला कोणी पढवले हा प्रश्न आपणास पडणार नाही.

पोच मागणारी,

(सही)
सौ. मंगल कुंडलिक पारठे

दि. २० फेब्रुवारी २०२५
मु. हिरडेखोल

सोबत : आधार कार्डाची प्रत, दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत, पतींच्या कानाच्या तपासणीचा कागद, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, वाचण्यासाठी.